संशोधनातला कशेडी घाट

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणाऱ्याला महाड हे मोठं ठिकाण वाटतं. तिथे वाटा फुटतात. एक पाचाडवरून रायगडाकडे जाते, एक वरंधा घाट चढून भोरला, एक विन्हेऱ्याकडे, एक दापोलीच्या दिशेने. पुढे पोलादपूरला आंबेनळी घाटातून महाबळेश्वरचा रस्ता मिळतो. कशेडीला यातलं काहीच नाही. रायगड जिल्ह्यातून चढायचं आणि रत्नागिरी जिल्ह्यात उतरायचं, एवढंच. पण ऐन पावसाळ्यात कशेडीत दरड आली की महाडच्या चार वाटांचा फारसा उपयोग होत नाही. गणपतीला निघालेला चाकरमानी पोलादपूरच्या अलीकडे गाडी बंद करून बसतो आणि खेडमध्ये त्याची वाट पाहणाऱ्यांचा फोन वाजत राहतो.

यातून दोन वेगळे प्रश्न निघतात. एखाद्या ठिकाणाला किती वाटा फुटतात, हा पहिला. ते ठिकाण बंद पडलं तर किती जणांची वाट बंद होते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर महाड असेल, दुसऱ्याचं कशेडी. संशोधनाच्या जगात आपण वर्षानुवर्षं पहिलाच प्रश्न विचारत आलो. किती शोधनिबंध, किती सहलेखक, किती परिषदा? या प्रकरणात दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचं आहे. नेटवर्क विश्लेषण नावाचं साधन त्यासाठीच आहे, आणि त्यातलं मुख्य गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडे जात नाही.

घाटाचा भार मोजताना

कागद-पेन्सिल घ्या. नऊ गावांसाठी नऊ टिंबं काढा : माणगाव, महाड, भोर, पोलादपूर, महाबळेश्वर, खेड, दापोली, चिपळूण आणि रत्नागिरी. आता रेघा जोडा. माणगाव-महाड, महाड-भोर, महाड-पोलादपूर, पोलादपूर-महाबळेश्वर, पोलादपूर-खेड, खेड-दापोली, खेड-चिपळूण, चिपळूण-रत्नागिरी. प्रत्यक्षात रस्ते याहून बरेच आहेत. हिशोब समजावा म्हणून बाकीचे तूर्त सोडून देऊ.

टिंबाला किती रेघा येऊन मिळतात, तो त्याचा पहिला आकडा. महाड, पोलादपूर आणि खेड, तिघांनाही तीन-तीन. या आकड्याने तिघांत डावं-उजवं करता येत नाही. आता दुसरा हिशोब करा. नऊ गावांच्या एकूण जोड्या होतात ३६. त्यांपैकी किती जोड्यांचा प्रवास पोलादपूर-खेड या एका रेघेवरून, म्हणजे कशेडीवरून होतो? घाटाच्या अलीकडे पाच गावं, पलीकडे चार. पाच चोक वीस. छत्तीसपैकी वीस. महाड-पोलादपूर रेघेवर अठरा जोड्या येतात, माणगाव-महाड रेघेवर फक्त आठ. या नकाशातला सगळ्यात जास्त भार घाटावर आहे.

आता विन्हेऱ्याचा रस्ता काढा, महाडवरून थेट खेडला. माणगाव, महाड आणि भोर या तिघांना पलीकडच्या चार गावांशी जोडणारे बारा प्रवास त्या वाटेने कमी टप्प्यांत होतात. कशेडीवर उरतात पोलादपूर आणि महाबळेश्वर यांचे मिळून आठ. एक रेघ वाढली आणि घाटाचा भार विसावरून आठावर आला. इथे आपण टप्पे मोजतोय, किलोमीटर नाही. वाहनचालक अंतर, खड्डे आणि वळणं यांचाही विचार करतो. पण तत्त्व तेच राहतं. एखाद्या दुव्याचं मोल त्याच्या अंगच्या गुणांइतकंच त्याला पर्याय आहे की नाही यावर ठरतं. २०२३च्या गणेशोत्सवात कशेडीचा एक बोगदा हलक्या वाहनांना खुला झाला तेव्हा मिळालेला दिलासा या हिशोबातलाच होता.

या दुसऱ्या आकड्याला आपण ‘मध्यस्थी’ म्हणू. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये टिंबांसाठी त्याचं नेमकं सूत्र मांडलं. गावांच्या जागी माणसं ठेवली आणि रस्त्यांच्या जागी एकत्र केलेलं काम, तरी सूत्र बदलत नाही.

सात पुलांपासून पंधरा लाख लेखकांपर्यंत

टिंबं आणि रेघांचं गणित सुरू झालं तेही एका शहराच्या रस्त्यांवरूनच. १७३६ मध्ये लिओनार्ड ऑयलर याने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येत नाही, हे त्याने सिद्ध केलं. पुलांची लांबी, नदीची रुंदी यांतलं काहीही त्याला लागलं नाही. कोण कुणाला जोडलेलं आहे, एवढंच त्याने पाहिलं.

माणसांवर हे गणित लावायला दोनशे वर्षं जावी लागली. १९३०च्या दशकात जेकब मोरेनो याने शाळकरी मुलींच्या मैत्रीचे नकाशे काढले. १९६५ मध्ये डेरेक डी सोला प्राइस याने शोधनिबंध एकमेकांचे संदर्भ कसे देतात त्याचं जाळं मांडलं. आणि २००१ मध्ये मार्क न्यूमन या भौतिकशास्त्रज्ञाने सहलेखनाच्या जाळ्याला संगणक जुंपला. दोघांनी मिळून एकही शोधनिबंध लिहिला असेल तर त्यांच्यामध्ये रेघ, असा त्याचा नियम. वैद्यक आणि जीवशास्त्राच्या मेडलाइन या संग्रहातले १९९५ ते १९९९ या पाच वर्षांतले एकवीस लाखांहून अधिक शोधनिबंध त्याने घेतले. लेखक निघाले पंधरा लाखांवर. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच सलग जाळ्यात होते, आणि त्या जाळ्यातल्या कुठल्याही दोन लेखकांमधलं अंतर सरासरी ४.६ रेघांचं. पुण्यातला जीवशास्त्रज्ञ आणि ओसाकातला शल्यविशारद यांच्यामध्ये जेमतेम चार माणसं. जग लहान आहे, असं आपण सहज बोलून जातो. न्यूमनने ते मोजून दाखवलं.

पण सरासरी फसवी असते. महाड ते खेड अंतर सरासरीत कितीही कमी दिसलं तरी घाट बंद झाला की ते अंतर राहत नाही. म्हणून आता आपल्याकडची दोन माणसं जवळून पाहू.

देवळालीचे मास्तर आणि एक सैल धागा

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. शिक्षण ठाणे, पुण्याचं फर्ग्युसन आणि मुंबई विद्यापीठ. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पुढची तीन दशकं ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. ना विद्यापीठाची नोकरी, ना पदव्युत्तर विद्यार्थी, ना सहलेखकांचा गोतावळा. सहलेखनाच्या नकाशात त्यांचं टिंब एका कोपऱ्यात एकटंच पडतं.

त्यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा आज जगभरच्या शाळांत शिकवला जातो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. २०२१ घेतलं तर २२१० वजा ०१२२ म्हणजे २०८८, मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. दखल घेणारे मोजकेच होते. चित्र पालटलं ते मार्च १९७५ मध्ये. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाच्या गणितात जाऊन बसले.

गार्डनर कापरेकरांचे सहलेखक नव्हते, सहकारी तर नव्हतेच. हा धागा सैल होता. अशा सैल धाग्यांची ताकद समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दोनच वर्षं आधी, १९७३ मध्ये, दाखवून दिली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारलं, की नोकरीची बातमी सांगणारा तुम्हाला कितीदा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर होतं, कधीमधी. रोज भेटणाऱ्या माणसाला आपल्याला जे ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. नवी बातमी दुसऱ्या गोटातून येते आणि ती आणणारा माणूस सहसा जिवाभावाचा नसतो.

खुल्या संशोधनाची गरज इथे कळते. कापरेकरांना गार्डनर भेटले हे नशीब. शोधनिबंध, आकडेवारी आणि पद्धत कुणालाही पाहता आली तर असे सैल धागे नशिबावर सोडावे लागत नाहीत.

एक माणूस, चार विद्याशाखा

दुसरं उदाहरण माधव गाडगीळ यांचं. जन्म पुण्याचा, १९४२चा. हार्वर्डला विल्यम बोसर्ट यांच्याबरोबर त्यांनी १९७० मध्ये प्राण्यांच्या आयुष्यक्रमाच्या उत्क्रांतीवर गणिती शोधनिबंध लिहिला. पुण्यात परतल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर ते सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत फिरले. १९७५ आणि १९७६ मध्ये दोघांच्या नावावर देवरायांवरचे शोधनिबंध आले. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी १९८३ मध्ये जातिव्यवस्था आणि निसर्गातल्या साधनांची वाटणी यांचा संबंध मांडला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्याबरोबर १९९२ मध्ये भारताचा पर्यावरणीय इतिहास लिहिला.

एवढ्याच चार कामांचा नकाशा काढा. मध्यभागी गाडगीळ आणि भोवती गणिती जीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मानववंशशास्त्र आणि इतिहास. भोवतालच्या चौघांच्या जोड्या सहा, आणि सहाही गाडगीळांवरून जातात. ते टिंब पुसलं की वर्तकांच्या देवराया आणि गुहांचा जंगलाचा इतिहास यांना जोडणारं या कागदावर काही उरत नाही. देवराई म्हणजे झाडं, असं वनस्पतिशास्त्र सांगेल. देवराई म्हणजे गावाचा नियम, असं मानववंशशास्त्र. ती कुणी, कधी आणि का तोडली, हे इतिहास सांगेल. तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात आल्याशिवाय देवराई समजत नाही, आणि म्हणूनच या जागेवरच्या माणसाला मोल आहे. रोनाल्ड बर्ट या समाजशास्त्रज्ञाने दोन गटांमधल्या अशा मोकळ्या जागांवरच १९९२ मध्ये एक पुस्तक लिहिलं.

आता या नकाशावर एक हरकत घ्यायला हवी. मी गाडगीळांचीच कामं निवडली, मग मध्यभागी दुसरं कोण येणार? वर्तकांचे सगळे शोधनिबंध घेऊन बसलो असतो तर केंद्रात वर्तक आले असते. कुठल्याही एका माणसापासून सुरुवात केली की नकाशा त्याच्याभोवती फिरतो. संस्थेच्या वार्षिक अहवालांत संचालकांचं टिंब नेहमी मोठं दिसतं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. कुणाची मध्यस्थी खरी हे कळायला सुरुवात विषयापासून करावी लागते : देवरायांवरचा प्रत्येक शोधनिबंध, लेखक कुणीही असो. सीमा आधी आखा आणि उघडपणे सांगा. मोजदाद त्यानंतरची.

खुलं असतं तेव्हा काय बदलतं

गाडगीळांच्या कामातूनच खुलेपणाचा दुसरा धडा मिळतो. पश्चिम घाटासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तो लोकांच्या हाती पडला २०१२ मध्ये, माहिती अधिकारात मागणी झाल्यावर आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर. ज्या डोंगरांविषयी तो होता, तिथल्या माणसांनाच तो मधल्या काळात वाचता येत नव्हता. जाळ्याच्या भाषेत बोलायचं तर टिंबं होती आणि ज्ञानही होतं, फक्त रेघा अडवून धरल्या होत्या.

खुल्या संशोधनाचं जाळं मात्र सहलेखनाच्या जाळ्यासारखं दिसत नाही. त्यात माणसं एकमेकांना न भेटताच जोडली जातात. महाड-पोलादपूरच्या दरडींचंच पाहा. २५ जुलै २००५च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये दरडीखाली गेलं आणि एकट्या त्या वाडीत ऐंशीहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या.

या दरडींचा अभ्यास करणाऱ्याला आज काय हाताशी आहे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश या पोर्टलवर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये देशाचा दरडींचा ॲटलास प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडींची नोंद आहे. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडे १९०१पासूनच्या रोजच्या पावसाचे चौकोनवार आकडे आहेत. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार-चित्रं फुकट मिळतात. जुलैत कोकणावर ढग दाटलेले असताना साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, रडारला दिसतं.

मुंबईतली एक अभ्यासक आणि रोममधला एक अभ्यासक यांपैकी एकाच साठ्यावर काम करत असतील, तर त्यांच्यात रेघ आहे की नाही? सहलेखनाच्या नकाशात नाही. म्हणून खुल्या संशोधनासाठी दोन प्रकारच्या टिंबांचा नकाशा काढतात. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला त्यांनी वापरलेल्या आणि तयार केलेल्या गोष्टी : नकाशे, आकडेवारी, संगणकाचे प्रोग्राम. रेघ माणसापासून वस्तूकडे जाते, माणसापासून माणसाकडे नाही. या नकाशात मोठी मध्यस्थी बऱ्याचदा एखाद्या प्राध्यापकाऐवजी एखाद्या साठ्याच्या वाट्याला येते. आणि तो साठा सांभाळायला किती जण आहेत हे पाहिलं, तर उत्तर कधी कधी ‘एक’ येतं.

इथेही एक खाचखळगा आहे. एकच साठा शंभर जणांनी वापरला म्हणून त्या शंभरांना परस्परांशी जोडून टाकलं, तर एका झटक्यात ४,९५० रेघा तयार होतात. नकाशा घट्ट विणलेला दिसतो आणि प्रत्यक्षात त्या शंभरांपैकी कुणीही कुणाला पत्रसुद्धा लिहिलेलं नसतं. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर मिळून एक शोधनिबंध छापला. त्याचे लेखक ५,१५४. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या दोन गटांपैकी एकात आहे. साधा नियम लावला तर त्या एका निबंधातून एक कोटी बत्तीस लाखांहून अधिक रेघा निघतात. दोघांनी मिळून वर्षभर घासलेल्या निबंधातून निघते एक. न्यूमनने यावर तोड काढली होती. निबंधाचे लेखक जितके जास्त, तितकी प्रत्येक रेघ बारीक धरायची. हे न करता काढलेल्या कुठल्याही क्रमवारीवर विश्वास ठेवू नये.

एस. पाटील कोण?

या कामातला सगळ्यात जास्त वेळ गणितात जात नाही, नावांत जातो. आणि मराठी नावं या बाबतीत फार छळतात.

शोधनिबंधावर बहुतेकदा आडनाव आणि आद्याक्षर छापतात. आता ‘एस. पाटील’ म्हणजे कोण? कोल्हापूरचे संजय, जळगावच्या सुनीता, लातूरचे सचिन? संगणकाला तिघं एकच वाटतात. उलटंही होतं. एकच माणूस एका निबंधावर वडिलांच्या आद्याक्षरासह येतो, दुसऱ्यावर त्याशिवाय. चव्हाण हे रोमन लिपीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, दीक्षित दोन. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या संशोधिकेचं तर आयुष्यच दोन टिंबांत विभागलं जातं. पीएचडीच्या काळातलं टिंब एके वर्षी अचानक थांबतं आणि शेजारी इतिहास नसलेलं नवं टिंब उगवतं. बायका संशोधन अर्ध्यावर सोडतात, असा निष्कर्ष अशा नकाशावरून कुणी काढला, तर त्यातला काही भाग संगणकाच्या चुकीतून आलेला असू शकतो.

या दोन चुकांचे परिणाम सारखे नसतात. एका माणसाची दोन टिंबं झाली की खरा दुवा तुटतो आणि त्याची मध्यस्थी कमी दिसते. तीन माणसांचं एक टिंब झालं की परिणाम उलटा आणि जास्त घातक. संजय मृदाशास्त्रात, सुनीता संगणकशास्त्रात आणि सचिन औषधनिर्माणात असतील, तर तिघांचं मिळून झालेलं ‘एस. पाटील’ हे टिंब तीन विद्याशाखांना जोडणारं दिसतं. मध्यस्थीच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर येतं. असा माणूस अस्तित्वातच नसतो. म्हणून जाणकार अभ्यासक यादीतली पहिली वीस नावं आधी हाताने तपासतात. तिथेच सगळ्यात जास्त भुतं सापडतात.

यावर २०१२ पासून एक चांगला उपाय उपलब्ध आहे. ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला मोफत मिळतो, नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. पण तो मुख्यतः पुढच्या कामाला लागू पडतो. मागच्या पन्नास वर्षांच्या निबंधांसाठी माहीतगार माणसालाच विचारावं लागतं. संस्थेतल्या जुन्या ग्रंथपालाला जे दहा मिनिटांत सांगता येतं, ते संगणकाला दहा दिवसांत उमगत नाही.

नकाशात न आलेली माणसं

सहलेखन ही सहकार्याची फक्त छापून आलेली बाजू असते. दरडीच्या अभ्यासात डोंगराला भेग पडल्याचं सगळ्यात आधी कुणाला दिसतं? गुरं घेऊन वर गेलेल्याला. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झाल्याचं कळतं पाण्याला गेलेल्या बाईला. हवामान खात्याच्या आकडेवारीतला पाव अंशाचा चौकोन म्हणजे साधारण २७ किलोमीटरची बाजू. महाडची सखल भातखाचरं आणि सह्याद्रीचे उभे कडे एकाच चौकोनात येऊ शकतात. त्या चौकोनाच्या आत नेमका कुठे किती पाऊस पडला, हे गावातल्या पर्जन्यमापकाशी रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. शोधनिबंधात तो फार तर आभाराच्या ओळीत येतो, तिथेही ‘स्थानिक ग्रामस्थ’ म्हणून, नावाशिवाय.

याचा परिणाम फक्त भावनेचा नाही, मोजमापाचाही आहे. ज्याच्यावरून सगळी माहिती येते तो नकाशातच नसेल, तर नकाशा चुकीच्या माणसाला घाटाच्या जागी बसवतो. पर्जन्यमापकाची वही पुण्या-मुंबईला नेणारा अभ्यासक दुवा म्हणून उठून दिसतो, वही लिहिणारा दिसत नाही. वही लिहिणारा गेला की आकडे थांबतात, आणि ते का थांबले हे नकाशात कुठेच सापडत नाही.

काही सुधारणा सुरू झाल्या आहेत. प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं ते सांगणारी चौदा भूमिकांची यादी आता अनेक नियतकालिकं मागतात. तिच्यात माहिती गोळा करणं आणि सांभाळणं यांनाही जागा आहे. गाडगीळांनी आग्रह धरलेली लोकांची जैवविविधता नोंदवही २००२च्या कायद्यानंतर पुढे आलेल्या नियमांत आली. तिच्यामागचा विचार हाच, की गावाला ठाऊक असलेलं गावाच्या नावावर नोंदलं जावं. पण माहिती खुली करणं आणि ती देणाऱ्याचं नाव नोंदणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी विसरली की पहिलीतून फुकटची उचलेगिरी होते. दुर्मीळ झाडाची किंवा गिधाडांच्या घरट्यांची जागा जाहीर करणं तर घातकच ठरू शकतं. तिथे नकाशा काही काळ बंद ठेवणंच शहाणपणाचं.

तुमचा नकाशा काढताना

हे सगळं वाचून स्वतः करून पाहावंसं वाटलं तर साधनं हाताशी आहेत. २०२२ पासून ओपनॲलेक्स हा शोधनिबंधांचा खुला संग्रह मोफत वापरता येतो. गेफी आणि व्हॉसव्ह्यूअर हे नकाशा काढणारे प्रोग्रामही मोफत आहेत. महाविद्यालयातल्या एका विभागापासून किंवा एका तालुक्यावर झालेल्या सगळ्या अभ्यासांपासून सुरुवात करा. तीस-चाळीस शोधनिबंध पुरेत. मराठी नियतकालिकं, जिल्हा गॅझेटियर, स्थानिक संस्थांचे अहवाल हे सहसा अशा संग्रहांत नसतात. ते हाताने घाला, नाही तर नकाशात इंग्रजीत लिहिणारेच दिसतील.

नकाशा झाला की सगळ्यात मोठं टिंब शोधत बसू नका. एकेक टिंब पुसून पाहा. कोणतं पुसल्यावर जाळ्याचे दोन तुकडे होतात? तो माणूस किती वर्षांत निवृत्त होणार आहे? त्याची आकडेवारी त्याच्या संगणकाबाहेर कुठे ठेवली आहे का? त्याच्या पलीकडच्या गटाशी बोलू शकेल असा दुसरा कुणी तयार होतोय का? त्या माणसाला पुरस्कार जरूर द्या, पण त्याआधी त्याच्या जोडीला दुसरी वाट बांधा. एका माणसावर सगळा भार टाकून त्याचं कौतुक करत राहणं ही संस्थेची कर्तबगारी नव्हे.

एक गोष्ट मात्र करू नका. या आकड्यांवर बढती, अनुदान किंवा क्रमवारी ठरवू नका. मध्यस्थीला गुण मिळतात हे कळलं की लोक नावापुरते सहलेखक गोळा करतात. रेघा वाढतात, काम वाढत नाही, आणि थोड्याच दिवसांत नकाशातून काहीच कळेनासं होतं.

शेवटचं काम नकाशा छापण्याआधी करायचं. तो त्यातल्या माणसांसमोर ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा. यातली कोणती रेघ खोटी आहे? आणि ज्याच्यावाचून तुमचं काम झालंच नसतं, असं कोण यात नाही? दुसऱ्या प्रश्नाला आलेली नावं नकाशात घाला. मग छापा.